चांदोलीला दोन दिवस जायचंय. वाघ नाही दिसला तरी चालेल, गर्दी नको

वाकडचा_निनाद

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं (मी, बायको आणि पाचवीतली लेक) विदर्भातल्या एका नावाजलेल्या व्याघ्र प्रकल्पात जाऊन आलो. वाघीण दिसली. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. पण तिच्या पुढे जिप्सी, मागे जिप्सी, सगळे उभे राहून एकमेकांना "बसा हो, बसा हो" करतायत. लेक म्हणाली, "बाबा, ही वाघीण हिंजवडीच्या सिग्नलला अडकल्यासारखी दिसते." त्यावर मला काही बोलता आलं नाही, कारण मी रोज तिथेच अडकतो.

तर यंदा उलटं करायचं ठरवलंय. पुण्याहून गाडीने एका दिवसात पोचता येईल असं, पण खरोखर आडबाजूचं जंगल. मोबाईलला रेंज नसली तर उत्तम. चांदोलीचं नाव दोघा-तिघांनी सुचवलं, पण गेलेलं कुणीच भेटत नाही. जो तो "ऐकलंय, भारी आहे" एवढंच सांगतो.

बायकोला पक्ष्यांचा नाद आहे, रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला नाहीतर पाषाण तलावावर असते. लेकीला किडे-मुंग्या चालतात, जळवा चालत नाहीत. मला नुसतं शांत बसायचंय, निसर्गाशी जुळवून घेत दोन दिवस काढायचेत. कधी जावं, राहायचं कुठे, आत काय बघायचं, काय करू नये? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा, प्लीज. लिंका नकोत, त्या मीही शोधल्यात.

घाटवाटा_बंड्या

चांदोली म्हणजे दोनशे किलोमीटर गाडी हाणायची, आत रस्ता खडखडीत, आणि शेवटी गव्याचा पार्श्वभाग बघून परत यायचं. मी गेलोय म्हणून सांगतोय. प्राणी बघायचे तर विदर्भाला पर्याय नाही, शांतता हवी तर घरी वायफाय बंद करा.

गंमत सोडा. जायचंच असेल तर पावसाळा टाळा, तेव्हा उद्यान बंदच असतं. पेट्रोल शिराळ्यात नाहीतर कोकरूडला फुल करून घ्या. पुढे मिळेल या भरवशावर राहू नका.

वारणेचा_पाहुणा

निनादराव, बंड्याशेठनी लिहिलंय ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं मी लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी शिराळा तालुक्यातला. पोटासाठी धायरीत आलो आणि इथलाच झालो, पण यात्रेला आणि दिवाळीला गाव सुटत नाही. माझी थोरली आत्ती वारणेच्या वरच्या अंगाला दिली होती, आता जे उद्यान आहे त्याच्या आतल्या एका गावात. ते गाव उठलं. आज ती खाली, उसाच्या पट्ट्यात, पुनर्वसनाच्या वसाहतीत राहते. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर मला आधी बिबट्या आठवला नाही, आत्ती आठवली.

वारणा प्रचितगडाच्या अंगाला उगम पावते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. मधे चांदोलीचं धरण आहे, मातीचं, साडेचौतीस टीएमसीच्या आसपास पाणी साठवतं. त्या पाण्यावर खाली ऊस उभा आहे, कारखाने उभे आहेत. वर काही गावं बुडाली. जी बुडाली नाहीत ती १९८५ ला अभयारण्य झालं त्यात आली, २००४ ला त्याचंच राष्ट्रीय उद्यान झालं, ३१७ चौरस किलोमीटरचं. २०१० ला कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, राज्यातला चौथा. २०१२ ला युनेस्कोच्या यादीतही नाव लागलं. दर वेळी गेटवरचा बोर्ड मोठा होत गेला आणि आतली वस्ती कमी होत गेली. पुनर्वसनाची आंदोलनं त्यानंतरही वर्षानुवर्षं चालली, आमच्याकडच्या लोकांना ती पाठ आहेत.

हे सगळं सहलीच्या धाग्यावर कशाला, असं वाटेल. पण तुम्ही तिथं जाल तेव्हा गाईड सांगेल, "हे बघा, हे मोकळं गवताचं रान, इथं संध्याकाळी गवे येतात." ते रान देवानं मोकळं ठेवलेलं नाही. ते कुणाचं तरी भाताचं खाचर होतं, नाचणीचं शेत होतं. माणूस गेला, नांगर थांबला, गवत आलं, गवताच्या मागं गवा आणि सांबर आले. गव्याला दाट झाडीत खायला कितीसं मिळणार? चांदोलीत गवा बरा दिसतो त्यात या सोडून गेलेल्या शेतांचा मोठा वाटा आहे. आता त्याच गवतात झुडपं शिरू लागली, की कुरण मिटत जातं, ही वनखात्याची वेगळीच डोकेदुखी.

मागं एकदा मे महिन्यात आत्तीला घेऊन गेलो होतो. गेटवर तिनं तिकीट काढलं, ओळखपत्र दाखवलं, आणि स्वतःच्या गावाला गेली. गाईड पोरगा तिथलाच, त्याचंही घराणं वरून उठलेलं, त्यामुळं तो काही बोलला नाही. आत गावठाणाशी उतरलो. मला नुसती झाडी दिसत होती. आत्ती सरळ करवंदीच्या जाळीत शिरली आणि पायानं पाला सारून दगडी जोतं मोकळं केलं. मग एकेक सांगत सुटली. हा उंबरा, इथं चूल, ही वैलाची बाजू, परड्यात फणस. फणस होताच, चांगला वाढलेला. जोत्याच्या मधोमध एक अंजनीचं झाड वर गेलेलं. त्याच्या बुडाशी काळपट ढीग होता, काडीनं उकरला तर जांभळाच्या बिया आणि मुंग्यांची डोकी. अस्वलाची विष्ठा. आत्ती म्हणाली, "बरं झालं, घर रिकामं न्हाई." आणि पदरानं तोंड पुसत गाडीकडं चालायला लागली.

आता तुमच्या कामाचं.

प्राणी कमी दिसतात ते नसतात म्हणून नाही. विदर्भात उन्हाळ्यात पानगळ होते, नजर लांब जाते, रस्ते सपाट. इथं अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचं जंगल, बरंचसं सदाहरित, त्यात उतार. दहा पावलांवर गवा उभा असला तरी नुसता फुस्कारा ऐकू येतो. वाघ तर फारच विरळ. डिसेंबर २०२३ ला प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात एक नर आला तेव्हा आमच्याकडं बातमी पेढ्यांसारखी वाटली लोकांनी. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाची वाघीण आणून चांदोलीत सोडली. त्या अगोदर खाद्य वाढावं म्हणून सागरेश्वरची चितळं आणली. हे सगळं अजून रुजायचं आहे, म्हणून वाघाचा विषय डोक्यातून काढलात ते उत्तम केलंत.

तिथला रोजचा शिकारी म्हणाल तर रानकुत्रा, आमच्याकडं कोळसुंदा म्हणतात. दिवसाढवळ्या हिंडतो, शीळ घालून एकमेकांना बोलावतो. नशीब असेल तर दिसेल. शेकरू मात्र कान उघडे ठेवलेत तर दिसणारच. त्याचं घरटं शोधायला लेकीला सांगा. उंच फांदीच्या टोकाकडं काटक्या-पानांचा गोळा, आणि एकच नाही, एकटं शेकरू चार-पाच ठिकाणी बांधून ठेवतं. तिला मुंग्या आवडतात ना? मग फांद्यांवर बारक्या काळ्या मुंग्यांची घरटी असतात, चघळलेल्या पाल्याची, तपकिरी, फुटबॉलएवढी. त्याला नीट गोल भोक दिसलं तर थांबा. तांबूस सुतार त्या जित्या घरट्यातच अंडी घालतो. एरवी याच मुंग्या खाणारा पक्षी, आणि पिल्लं त्यांच्याच घरात वाढवतो. मुंग्या त्याला कशा खपवून घेतात ते तुमच्या मिसेस सांगतील, मी कितीदा बघितलंय पण मला उमगलेलं नाही.

पक्ष्यांसाठी पहाट ओढ्याकाठी काढा. पर्वती शीळ घालणारा कस्तूर असतो, वाटतं कुणी उनाड पोरगं शिट्टी वाजवत चाललंय. मलबारी राखी धनेशाचा आवाज म्हणजे कुणीतरी खवचट हसतंय असा.

झोळंबीचा सडा चुकवू नका. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं पठार. माती जवळपास नाही, पाणी टिकत नाही, खत नाही. म्हणून तिथं पावसाळ्यात किडे खाऊन जगणाऱ्या वनस्पती येतात, दवबिंदू, सीतेची आसवं. उद्यान ऑक्टोबरच्या मध्याला उघडतं तोवर फुलांचा भर ओसरतो, त्यामुळं फुलांसाठीच जायचं असेल तर कास बरं. पण झोळंबीला हिवाळ्यातही जा. खाली वारणेचं पाणी, समोर डोंगरावर डोंगर, आणि एक पण दिवा नाही.

रस्ता: स्वारगेटहून सातारा, कराड, मग पेठ नाका. तिथून आत वळा, शिराळा, कोकरूड, आरळा, मणदूर. शिराळा म्हणजे तेच बत्तीस शिराळा, नागपंचमीचं. उच्च न्यायालयानं जिवंत नागांच्या पूजेवर बंदी घातली त्यावर गावात अजून दोन तट आहेत. चहाच्या टपरीवर विषय काढू नका, सुटका होणार नाही. एसटीनं यायचं तर कोल्हापूरची गाडी धरून पेठ नाक्याला उतरा.

राहायचं उद्यानाच्या बाहेर, खालच्या गावात. घरगुती सोय होते. आधी सांगितलंत तर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. आयत्या वेळी गेलात तर नूडल्स खाऊ घालतील, कारण पुण्यामुंबईची माणसं तेच मागतात अशी त्यांची समजूत झाली आहे.

मृणाल_द

पाहुणे, फार आवडलं. पण थोडी खेकसते, रागावू नका.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांना घेऊन घाटमाथ्यावर हिंडते. "गाव होतं तेव्हा माणूस आणि जंगल गुण्यागोविंदानं नांदत होतं" असं चित्र तुमच्या लिखाणातून कुणी काढेल, तुम्ही तसं म्हटलं नसलंत तरी. उतारावर कुमरी व्हायची, म्हणजे झाडोरा तोडायचा, वाळला की जाळायचा, त्या राखेत नाचणी-वरी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी दुसरीकडे सरकायचं. शिकारही व्हायची. माणसं कमी आणि रान अफाट असेपर्यंत ते खपलं. आज प्रकल्पात गवा, सांबर टिकून आहेत ते गावं हलवल्यामुळेसुद्धा. हे ऐकायला कडू आहे.

आणि जिथे खरोखर राखलं गेलं तिथे कारण प्रेमापेक्षा धाक होता. देवराया बघा. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पुण्याच्या आसपासच्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कित्येक ठिकाणी वाळकी काटकीही उचलायची नाही हा नियम पाळला जात होता. देवाचा कोप होईल म्हणून. त्या भीतीनं जे वृक्ष वाचले ते पुढे खात्यांच्या पाट्यांनी वाचले असते का, मला शंका आहे.

निनाद, चांदोलीच्या आधी एक रविवार मावळात आजिवलीच्या देवराईत काढा. भेर्ली माडांचं बन आहे. गावकरी त्याची माडीही काढतात, म्हणजे हात लावायचाच नाही असंही नाही. झाड जगवून त्यातून घ्यायचं. लेकीला तिथे अर्धा तास नुसतं बसवून बघा. तिथे कंटाळली तर चांदोलीत दुसऱ्या दिवशी तुमचं डोकं खाईल.

बाकी आपण पुणेकरांनी "आतली गावं कुणी उठवली" असं कुणाला विचारावं, हा प्रश्नच आहे. पानशेत, वरसगावच्या पाण्याखालीही गावंच आहेत. नळ सोडताना आपल्याला आठवत नाहीत.

वारणेचा_पाहुणा

मॅडम, खेकसलात ते बरं केलंत. कुमरीचं खरं आहे, आत्तीच्या सासऱ्यांनी केलेली आहे. शिकारीचंही खरं आहे, घरात सांबराचं शिंग होतं, त्याला टोपी अडकवायचे. माझं म्हणणं ते लोक साधुसंत होते असं नाही. पण त्यांना कुठल्या ओढ्याला मार्चपर्यंत पाणी टिकतं आणि कुठल्याला जानेवारीतच खडखडाट होतो हे ठाऊक होतं. वर धनगरवाडे होते. ते लोणी-तूप घेऊन कोकणात उतरायचे, घाटातल्या पायवाटा जित्या राहिल्या त्या त्यांच्या पायांनी. ही माहिती कुठल्या रजिस्टरात नाही. आता जे गाईड आहेत त्यातल्या थोड्यांकडं आजा-आजीकडून आलेली आहे, ती पिढी गेली की संपली.

म्हणून निनादराव, गाईड निवडताना एवढंच विचारा, "तुमचं मूळ गाव कुठलं?" वरचं निघालं तर त्याला प्राणी दाखव म्हणू नका. त्याला म्हणा, तुमच्या आजीनं पाणी कुठनं भरलं ते दाखवा. तो तुम्हाला अशा पाणवठ्यावर नेईल की जिथं पहाटे सगळ्या जंगलाचे पाय उमटलेले असतात. अर्थात जिथवर परवानगी आहे तिथवरच. "काय होतंय, पाच मिनिटं" म्हणून त्याला आत ओढू नका. तुम्ही पुण्याला निघून याल, नोकरी त्याची जाईल.

घाटवाटा_बंड्या

मी शब्द मागे घेत नाही, पार्श्वभागच दिसला होता. पण या पाणवठ्याच्या आयडियेसाठी परत जाईन म्हणतो.

एक भर: प्रचितगड कोकणातून शृंगारपूरवरून चढतात, शिड्या आहेत. शृंगारपूर म्हणजे येसूबाईंचं माहेर. उद्यानाच्या बाजूने गडाकडे पायी जायचं असेल तर वेगळी परवानगी काढावी लागते, उगाच ट्रेकर मित्रांचं ऐकून घुसू नका.

वाकडचा_निनाद

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. रविवारी आजिवलीला जातोय, मृणालताई.

पाहुणेदादा, फेब्रुवारीतला शनिवार-रविवार धरलाय. तीन प्रश्न उरलेत. जळवा? लेकीने याचं उत्तर आल्याशिवाय बॅग भरणार नाही असं जाहीर केलंय. दुसरं, दोन दिवस पुरतील का? आणि तिसरं, जरा आगाऊपणा वाटेल, पण तुमच्या आत्तींना यायला आवडेल का? गाडीत एक जागा आहे. त्यांना शिराळ्यातून घेऊ आणि परत आणून सोडू.

वारणेचा_पाहुणा

जळवा पावसाळ्यात. फेब्रुवारीत नाहीत, लेकीला सांगा. गोचिड्या मात्र असतात, गवतातून चाललात तर पँट मोज्यात खोचा आणि संध्याकाळी कानामागं, गुडघ्यामागं बघून घ्या. कपडे मळखाऊ रंगाचे. अत्तर-डिओ नको. रात्री थंडी वाजते, शाल घ्या.

दोन दिवस पुरतील, पण शनिवारी दुपारी पोचून आत धावू नका. त्या दिवशी धरणाच्या बाजूनं हिंडा, लवकर झोपा. आत जायचं ते रविवारी पहाटे. आणि निघण्याअगोदर वनखात्याच्या कार्यालयात फोन करून उद्यान त्या दिवशी चालू आहे ना ते विचारा. वाघीण सोडल्यापासून वाटा कुठल्या उघड्या, कुठल्या बंद, हे बदलत असतं.

आत्तीला काल फोन केला. आधी "या वयात कुठं" म्हणाली, मग पोरीचं नाव विचारलं, मग म्हणाली फेब्रुवारीत करवंदं नसतात, मेमध्ये का जात न्हाईत. म्हणजे येणार आहे. तिला गाडी लागते, पुढची सीट द्यावी लागेल. आणि तिचं आधार कार्ड माझ्या चुलतभावाकडं असतं, ते आठवणीनं मागून घ्या, गेटवर लागेल. नंबर मेसेजमध्ये पाठवतो.